रुग्ण समोर बसण्याआधी: मानसिक आरोग्यसेवेत नियमित परिणाम-मापन कसे सुरू करावे

काही वर्षांपूर्वी मी ज्या केंद्रात काम करत होते, तिथे पुण्यातल्या नवी पेठेत कॉट बेसिसवर राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारा एक मुलगा चौथ्या भेटीसाठी आला. ओळख पटू नये म्हणून त्याचे काही तपशील येथे बदलले आहेत. "कसं वाटतंय?" या प्रश्नाला त्याने आधीच्या भेटींप्रमाणेच "ठीक आहे, मॅडम" असे उत्तर दिले, अभ्यासिकेतल्या वेळापत्रकाबद्दल आम्ही पाऊण तास बोललो आणि तो गेला. बाहेरच्या बाकावर बसून त्याने भरलेली प्रश्नावली माझ्या टेबलावर आली ती संध्याकाळी, इतर कागदांच्या गठ्ठ्यातून. मरून गेलेले बरे किंवा स्वतःला इजा करून घ्यावी असे विचार गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस आले, या प्रश्नासमोर त्याने "जवळजवळ रोज" या रकान्यात खूण केली होती. फाईल उघडून पाहिली तेव्हा मागच्या दोन कागदांवरही त्याच ओळीत खूण सापडली. फोन लागला, तो खोलीवर होता, खोलीतला मित्र सोबत थांबला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो परत आला. त्याने आम्हाला तीन वेळा लेखी सांगितले होते आणि ते कोणी वाचलेले नव्हते.

बाह्यरुग्ण विभागात, समुपदेशन केंद्रात किंवा पुनर्वसन संस्थेत नव्याने काम सुरू करणाऱ्या समुपदेशकांसाठी, चिकित्सा मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी आणि तरुण मनोविकारतज्ज्ञांसाठी हे मार्गदर्शन लिहिताना तो कागद माझ्या डोळ्यांसमोर आहे. नियमित परिणाम-मापन म्हणजे उपचार चालू असताना ठरावीक अंतराने, त्याच प्रमाणित प्रश्नावलीने रुग्णाची स्थिती मोजणे आणि ते मोजमाप उपचार करणाऱ्याच्या हाती वेळेवर देणे. या व्याख्येचा पहिला भाग अनेक ठिकाणी नीट पाळला जातो. दुसरा भाग राहून जातो, आणि माझ्या अनुभवात सगळा उपयोग त्या दुसऱ्या भागातच आहे.

आपल्या नजरेवर आपला जितका विश्वास असतो तितकी ती भरवशाची नाही, हे सुरुवातीलाच मान्य करावे लागते. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात उपचारकांना, आपल्यापैकी कोणत्या रुग्णांची प्रकृती उपचाराअखेर अधिक बिघडलेली असेल, असे विचारण्यात आले. सुमारे ५५० रुग्णांपैकी ४० जणांची प्रकृती प्रत्यक्षात बिघडली. उपचारकांनी मात्र फक्त तिघांची नावे घेतली होती आणि त्यातले एकच बरोबर ठरले. हे उपचारक निष्काळजी नव्हते. समोरची व्यक्ती आपल्याशी सौजन्याने वागते, आपल्याला बरे वाटावे म्हणून थोडे सावरून बोलते, आणि आपणही सुधारणेची चिन्हे शोधत असल्याने ती आपल्याला दिसतात. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मायकेल लॅम्बर्ट यांनी या क्षेत्रात दीर्घकाळ केलेल्या कामातून असे दिसते की, मानसोपचार घेणाऱ्या प्रौढांपैकी साधारण ५ ते १० टक्के जणांची अवस्था उपचाराच्या काळात खालावते. मापन हवे आहे ते प्रामुख्याने या लोकांसाठी.

त्याच वेळी मापनाकडून अवाजवी अपेक्षाही ठेवू नये. वैद्यकीय संशोधनाचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, नैराश्य आणि चिंता यांसारख्या सामान्य विकारांत केवळ प्रश्नावल्या भरून घेऊन त्यांचे निष्कर्ष कळवल्याने एकंदर लक्षणांत ठोस फरक पडतो असे सिद्ध झाले नाही. ज्यांची सुधारणा अपेक्षित वाटेने होत नाही, अशा रुग्णांच्या बाबतीत उपचारकाला वेळेवर सूचना मिळाल्यास फायदा होण्याची शक्यता मात्र दिसली. खाली सुचवलेल्या पायऱ्या याच दिशेने आखल्या आहेत.

पहिली पायरी: एकच छोटी प्रश्नावली निवडणे

नवशिक्यांची नेहमीची चूक म्हणजे पाच-सहा प्रश्नावल्या एकदम सुरू करणे. दोन महिन्यांत रुग्ण कंटाळतात, कर्मचारी कंटाळतात आणि कपाटात गठ्ठे साठतात. प्रौढांच्या नैराश्यासाठी पीएचक्यू-९ पुरेशी आहे. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रश्नावलीत ९ प्रश्न असून प्रत्येकाला ० ते ३ गुण, म्हणजे एकूण ० ते २७ गुण मिळतात; ५, १०, १५ आणि २० या आकड्यांवर सौम्य, मध्यम, मध्यम-तीव्र आणि तीव्र अशा पायऱ्या सुरू होतात. चिंतेसाठी तिचीच धाकटी बहीण जीएडी-७ आहे, जिचे गुण ० ते २१ असतात. दोन्ही विनामूल्य वापरता येतात आणि दोन्हींची मराठी रूपे उपलब्ध आहेत.

मुलांच्या भावना आणि वर्तन यांबद्दलची एसडीक्यू ही २५ विधानांची प्रश्नावली पालक आणि शिक्षक दोघेही भरू शकतात. स्किझोफ्रेनियासारख्या दीर्घ आजारात रुग्णाने स्वतः भरलेल्या कागदावर नेहमीच विसंबता येत नाही. तिथे उपचारकाने भरायची होनॉस ही १२ बाबींची मोजपट्टी उपयोगी पडते. ती ब्रिटनमध्ये तयार झाली आणि ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या सार्वजनिक सेवेत नियमितपणे वापरली जाते. लक्षणांपेक्षा रोजचे जगणे महत्त्वाचे वाटत असेल, म्हणजे घरकाम, माणसांत मिसळणे, स्वतःची काळजी, तर जागतिक आरोग्य संघटनेची डब्ल्यूएचओडीएएस २.० ही मोजपट्टी १२ प्रश्नांच्या छोट्या रूपात घ्यावी. ती गेल्या ३० दिवसांबद्दल विचारते. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी आपल्याकडे वापरली जाणारी आयडियाज ही मोजपट्टी उपचाराचा आलेख काढण्यासाठी वापरू नये, कारण तिचे काम वेगळे आहे. काही प्रश्नावल्यांना, उदाहरणार्थ लॅम्बर्ट यांच्या ४५ प्रश्नांच्या प्रश्नावलीला, परवाना शुल्क द्यावे लागते. कोणाकडून तरी मिळालेली छायाप्रत वापरण्याआधी हे तपासावे.

दुसरी पायरी: मराठीचा प्रश्न

प्रमाणित भाषांतर असताना स्वतःचे भाषांतर करू नये, हा नियम सांगायला सोपा आणि पाळायला अवघड आहे. भोर किंवा जुन्नरच्या बाजूने आलेल्या आजींना छापील मराठीतले शब्द परके वाटतात; त्या नैराश्य म्हणत नाहीत, "जीवाला बरं वाटत नाही, कशात मन लागत नाही" असे म्हणतात. अशा वेळी प्रश्न आहे तसा मोठ्याने, सावकाश वाचावा, आणि त्यांना कळला नाही तर आधीच ठरवून लिहून ठेवलेले एक साधे वाक्य स्पष्टीकरण म्हणून जोडावे. ते वाक्य केंद्रातील प्रत्येकाने तेच वापरले पाहिजे. एकाने "झोप लागते का?" आणि दुसऱ्याने "झोप मोडते का?" असे विचारले, तर पुढच्या महिन्यात बदललेले गुण झोपेमुळे बदलले की प्रश्नामुळे, हे कोणालाही सांगता येणार नाही. जी व्यक्ती पहिल्यांदा वाचून दाखवते, शक्यतो तिनेच पुढेही वाचावे.

"काही दिवस", "निम्म्याहून अधिक दिवस" आणि "जवळजवळ रोज" या पर्यायांतही अनेकांचा गोंधळ होतो. आम्ही चौदा चौकोनांची एक पट्टी जाड पुठ्ठ्यावर काढून ठेवली होती. "या चौदा दिवसांपैकी साधारण किती दिवस असं झालं, बोट ठेवा" असे म्हटले की ज्यांना अक्षरओळख नाही त्यांनाही उत्तर देता येते. पंधरवडा कुठून मोजायचा हे सांगताना तारखेपेक्षा एकादशी, अमावास्या किंवा बाजाराचा दिवस जास्त लवकर लक्षात येतो.

सोबत आलेल्या नातेवाइकाने कागद भरणे टाळलेच पाहिजे. सुनेचा कागद सासूने भरला, किंवा नवऱ्याच्या देखत बायकोने भरला, तर तो कागद घराबद्दल काही सांगेल, रुग्णाबद्दल फारसे नाही. बसण्याची वेगळी जागा नसेल, तर निदान पॅड द्यावे आणि नातेवाइकाला त्या पाच मिनिटांत केसपेपरच्या खिडकीपाशी पाठवावे.

तिसरी पायरी: रुग्णाला काय सांगायचे

प्रश्नावली हातात देताना "हे भरून आणा" एवढेच म्हटले, तर ती बँकेच्या अर्जासारखी भरली जाते. पहिल्या भेटीत उपचारकाने स्वतः, दोन मिनिटे देऊन, ती कशासाठी आहे हे सांगावे. मी साधारणपणे असे म्हणते: "तुम्ही दर वेळी आलात की ही नऊ उत्तरं मी आधी वाचणार आहे. बोलताना काही गोष्टी राहून जातात, काही सांगायला अवघड जातं, ते इथे लिहा. यात चांगले-वाईट गुण नसतात, आणि त्रास वाढला असेल तर तो वाढलेलाच लिहा. मला वाईट वाटणार नाही, उलट काय बदलायचं ते कळेल." यातले शेवटचे वाक्य आपल्याकडे विशेष गरजेचे आहे. डॉक्टरांनी एवढे कष्ट घेतले आणि तरी आपण बरे होत नाही, याचा संकोच वाटणारे रुग्ण मी खूप पाहिले आहेत, आणि त्या संकोचापायी ते गुण कमी करून लिहितात.

कागद कोण पाहणार हेही स्पष्ट सांगावे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २३ नुसार रुग्णाच्या उपचाराची माहिती गोपनीय ठेवणे बंधनकारक आहे, जिवाला धोका असेल तेव्हा त्याला अपवाद आहे, आणि कलम २५ नुसार रुग्णाला आपल्या मूलभूत वैद्यकीय नोंदी पाहण्याचा हक्क आहे. हिंजवडीतल्या कंपनीने पाठवलेल्या कर्मचाऱ्याच्या मनात पहिली शंका असते ती हीच, की हे गुण मनुष्यबळ विभागाकडे जातील का. त्या शंकेचे उत्तर त्याने विचारण्याआधीच द्यावे.

चौथी पायरी: कागदाचा रस्ता

या लेखातली एकच पायरी नीट वाचायला वेळ असेल तर ती ही वाचावी. भरलेला कागद रुग्णाच्या हातातून निघून उपचारकाच्या डोळ्यांपर्यंत किती वेळात आणि कोणाच्या हातून पोहोचतो, हे एका कोऱ्या कागदावर चित्र काढून ठरवावे. आमच्या केंद्रात तो रस्ता असा होता: बाकावरून स्वागतकक्षात, तिथून ट्रेमध्ये, ट्रेमधून संगणकावर नोंद करणाऱ्या सहकाऱ्याकडे, आणि तिथून फाईलमध्ये. उपचारक या रस्त्यात कुठेच नव्हता. नोंदी अचूक होत्या, वार्षिक अहवालात तक्तेही छापले जात होते, आणि तरीही त्या मुलाच्या तीन खुणा कोणाच्या नजरेस पडल्या नाहीत.

बदल साधा होता. रुग्णाने भरलेला कागद स्वतःच्या हाताने घेऊन आत यायचे आणि तो थेट उपचारकाला द्यायचा, असे आम्ही ठरवले. उपचारक रुग्णाच्या समोरच बेरीज करतो, नववा, म्हणजे मरणाच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दलचा प्रश्न आधी पाहतो, मागच्या वेळच्या आकड्याशेजारी आजचा आकडा लिहितो आणि मग बोलणे सुरू होते. यात दोन मिनिटे जातात. संगणकावरची नोंद दिवसाच्या शेवटी झाली तरी चालते. मोबाईलवर प्रश्नावली भरून घेणाऱ्या संस्थांनीही हीच कसोटी लावावी: आकडा उपचारकाच्या पडद्यावर रुग्ण आत येण्याआधी दिसतो का, की तो कुठल्याशा सर्व्हरवर जमा होतो?

गर्दीच्या सरकारी बाह्यरुग्ण विभागात, जिथे एका डॉक्टरला सकाळभरात कित्येक रुग्ण तपासायचे असतात, तिथे प्रत्येक वेळी प्रत्येकाचे मापन शक्य होणार नाही, आणि ते व्हावे असा हट्टही धरू नये. तिथे नवीन रुग्ण, औषध नुकतेच बदललेले रुग्ण आणि मागच्या भेटीत सुधारणा न दिसलेले रुग्ण एवढ्यांचेच मापन करावे. रांगेत थांबण्याचा वेळ तिथे भरपूर असतो. एक प्रशिक्षित परिचारिका किंवा सामाजिक कार्यकर्ती त्या वेळेत वाचून दाखवण्याचे काम करू शकते.

किती अंतराने मोजावे, याबद्दल माझे मत असे आहे की, दर आठवड्याला समुपदेशन चालू असेल तर दर भेटीला मोजावे. पीएचक्यू-९ दोन आठवड्यांबद्दल विचारते, त्यामुळे दोन लागोपाठच्या आकड्यांत निम्मा काळ सामाईक येतो, हे खरे आहे. तरीही इंग्लंडमध्ये २००८ पासून चालू असलेल्या आणि आता एनएचएस टॉकिंग थेरपीज या नावाने ओळखल्या जाणाऱ्या सरकारी मानसोपचार सेवेत दर भेटीलाच मोजतात, आणि त्याचे कारण पटण्यासारखे आहे: रुग्ण कोणत्या भेटीनंतर येणे थांबवेल हे आधी माहीत नसते, आणि दर भेटीला मोजले तर निदान शेवटच्या भेटीपर्यंतची स्थिती हाती राहते. केवळ औषधांसाठी महिन्याने येणाऱ्यांना महिन्यातून एकदा मोजले तरी पुरते.

पाचवी पायरी: नववा प्रश्न

पीएचक्यू-९ वापरायला सुरुवात करण्याआधी या एका प्रश्नाबाबतचा नियम लिहून भिंतीवर लावावा. नवव्या प्रश्नाला शून्याखेरीज कोणतेही उत्तर आले, तर ती व्यक्ती घरी जाण्याआधी तिच्याशी त्याबद्दल बोलणे झालेच पाहिजे. एकूण गुण ४ असले तरी हा नियम बदलत नाही.

आत्महत्येबद्दल विचारल्याने तो विचार डोक्यात शिरतो ही समजूत चुकीची आहे. बहुतेकांना कोणीतरी विचारले याचा दिलासा वाटतो. शब्द सरळ असावेत: "इथे तुम्ही खूण केली आहे. मरून जावं असं वाटतं तेव्हा नेमकं काय मनात येतं?" त्यानंतर हे विचार किती वेळा येतात, काही ठरवले आहे का, त्यासाठीचे साधन हाताशी आहे का, पूर्वी प्रयत्न केला होता का, आणि आज रात्री सोबत कोण असेल, हे क्रमाने विचारावे. शिरूर, दौंड किंवा इंदापूरकडच्या शेतकरी घरातून आलेल्या रुग्णाच्या बाबतीत घरातली कीटकनाशके आणि उरलेली औषधे दुसऱ्या कोणाच्या ताब्यात, कुलपात ठेवण्याबद्दल नातेवाइकांशी त्याच दिवशी बोलावे. खूण केलेल्या प्रत्येकाला तातडीचा धोका असतो असे नाही. "देवाने न्यावं आता" असे सहज म्हणणाऱ्या आजोबांचीही खूण तिथे पडते. पण कोणती खूण कोणत्या अर्थाची आहे, हे विचारल्याखेरीज कळण्याचा मार्ग नाही.

समुपदेशक एकटा असेल तर तातडीच्या वेळी कोणत्या मनोविकारतज्ज्ञाला फोन करायचा आणि रात्री कोणत्या रुग्णालयाच्या अपघात विभागात पाठवायचे, ही नावे आधीच लिहिलेली असावीत. रुग्णाला आणि घरच्यांना टेलि-मानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक लिहून द्यावा. ही सरकारची विनामूल्य सेवा रात्रंदिवस चालते. ही तयारी ज्या केंद्रात झालेली नाही, त्याने नववा प्रश्न विचारायला सुरुवात करू नये, असे मी स्पष्टपणे म्हणेन, कारण लेखी विचारून उत्तराकडे पाठ फिरवणे हे न विचारण्यापेक्षा वाईट आहे.

सहावी पायरी: आकडा वाचणे

प्रत्येक रुग्णाच्या फाईलमध्ये पहिल्या पानावर आलेखकागदाचा अर्धा ताव चिकटवावा आणि दर भेटीला एक ठिपका द्यावा. संगणकाच्या आलेखापेक्षा हाताने काढलेली रेघ मला अधिक आवडते, कारण ती काढताना आपण तिच्याकडे पाहतो.

समजा, एका रुग्णाचे आकडे १७, १६, १४, १५ असे आले. नवशिका उपचारक १४ पाहून सुखावतो आणि १५ पाहून धास्तावतो. दोन्ही भावना अनाठायी आहेत, कारण कोणत्याही प्रश्नावलीत दोन-तीन गुणांची हालचाल मोजमापाच्या चुकीमुळेही होते. खरा बदल आणि मोजमापाची चूक यांत फरक करण्याची सांख्यिकी पद्धत जेकबसन आणि ट्रूअक्स यांनी १९९१ साली मांडली. इंग्लंडच्या सेवेत पीएचक्यू-९ वर किमान ६ आणि जीएडी-७ वर किमान ४ गुणांचा फरक असेल तरच तो खरा बदल मानतात. या मापाने वरच्या रुग्णाची अवस्था चार भेटींत जवळपास आहे तिथेच आहे, आणि हीच बातमी उपचारकाला हवी असते. पुढचे आकडे ११ आणि ९ आले, तर सुधारणा खरी आहे असे म्हणता येईल. १० च्या खाली येणे हाही एक टप्पा आहे, आणि ५ च्या खाली आल्यास लक्षणे जवळपास ओसरली असे समजतात.

आणखी एक सावधगिरी बाळगावी. लोक त्रास सर्वांत जास्त असताना मदतीला येतात, त्यामुळे पहिला आकडा बहुधा चढा असतो आणि काही न करताही तो थोडा उतरतो. पहिल्या दोन भेटींत झालेल्या उताराचे श्रेय आपल्या उपचाराला देण्याची घाई करू नये.

बेरजेइतकेच महत्त्व ओळींना आहे. १४ गुण मिळालेल्या दोन स्त्रियांची उदाहरणे घ्यावीत. एकीचे गुण झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता यांत आहेत. ती रात्रपाळी करणारी परिचारिका आहे आणि तिचे थायरॉईड कधी तपासलेले नाही. दुसरीला झोप बरी लागते, पण आपण घरच्यांना ओझे झालो आहोत ही भावना रोजची आहे आणि नवव्या प्रश्नावर २ गुण आहेत. आकडा तोच असला तरी पहिलीला रक्ततपासणीसाठी पाठवायचे आहे आणि दुसरीला आज लवकर घरी जाऊ द्यायचे नाही. प्रश्नावलीवरून निदानही करू नये. तिने दाखवलेला त्रास कशाचा आहे, हे मुलाखतीतूनच ठरते.

आलेखाखाली आयुष्यातल्या घटना दोन शब्दांत लिहाव्यात. पुण्यात गणपतीच्या दहा दिवसांत पेठांमध्ये राहणाऱ्यांची झोप मोडते आणि झोपेचे गुण चढतात. लोकसेवा आयोगाचा निकाल लागला किंवा परीक्षा पुढे ढकलली गेली, की सदाशिव आणि नवी पेठेतल्या मुलांचे आकडे एकाच आठवड्यात वर जातात. ही नोंद नसेल तर सहा महिन्यांनी त्या उंचवट्याचा अर्थ औषधाशी जोडला जाण्याचा धोका असतो.

सातवी पायरी: आकड्याबद्दल रुग्णाशी बोलणे

आलेख रुग्णाला दाखवावा, आणि त्याचा अर्थ आपण सांगण्याआधी त्याला विचारावा. एका मध्यमवयीन गृहस्थांशी झालेले बोलणे साधारण असे होते.

"काका, मागच्या वेळी ११ होते, आज १८ आहेत. तुम्हाला काय वाटतं, काय झालं असेल?"

"तसं काही नाही. ठीकच चाललंय."

"झोपेची आणि स्वतःबद्दल वाईट वाटण्याची, या दोन ओळी जास्त वाढल्यात."

बराच वेळ थांबून ते म्हणाले, "गोळ्या बंद केल्यात मी. पंधरा दिवस झाले. मुलगा म्हणाला, सवय लागेल."

तो आकडा नसता तर मी तो प्रश्न विचारला नसता, आणि विचारल्याशिवाय काकांनी ते सांगितले नसते. बोलताना आरोपाचा सूर येऊ नये एवढे जपावे, "गुण का वाढले?" असे विचारले की शाळेतल्या प्रगतिपुस्तकाची आठवण होते. कागद आणि तोंडचे शब्द जुळत नसतील, तर कोणता खरा हे ठरवण्याचा प्रयत्न न करता ती तफावतच मोकळेपणाने समोर ठेवावी. काही जण लिहिताना कमी सांगतात आणि बोलताना अधिक. त्यांचीही संख्या लहान नाही.

आठवी पायरी: रेघ खाली येत नसेल तेव्हा

चार ते सहा भेटींनंतरही खरा बदल दिसत नसेल, तर त्याच उपचाराचा आणखी थोडा आग्रह धरण्याचा मोह होतो. त्याऐवजी थांबून काही गोष्टी तपासाव्यात. आपल्यातले नाते कसे आहे, रुग्णाला आपण समजून घेतो असे वाटते का, हे सर्वांत आधी पाहावे, कारण ते सर्वांत कमी विचारले जाते. मग औषधे नियमित घेतली जातात का, डोस पुरेसा आहे का, दारू किंवा इतर व्यसन आहे का, घरात हिंसा आहे का, थायरॉईड, मधुमेह किंवा रक्तक्षय तपासला आहे का, आणि निदान बरोबर आहे का, विशेषतः पूर्वी कधी उन्मादाचा काळ येऊन गेला होता का, हे पाहावे. हे सर्व एकट्याने ठरवू नये. आठवड्याच्या केस-चर्चेत सर्वांत आधी अशाच रुग्णांचे आलेख मांडावेत. ज्यांची सुधारणा छान चालली आहे त्यांच्याबद्दल बोलायला सर्वांना आवडते, आणि वेळ तिथेच संपतो.

नववी पायरी: संस्थेने काय करू नये

गुणांच्या सरासरीवरून समुपदेशकांची क्रमवारी लावू नये आणि पगारवाढीशी तिचा संबंध जोडू नये. जो अधिक अवघड रुग्ण स्वीकारतो त्याची सरासरी वाईट दिसते, आणि आकड्यांवर आपली नोकरी अवलंबून आहे असे कळले की नकळत सौम्य रुग्ण निवडले जातात व कागद भरून घेताना रुग्णाला हलकेच सुचवले जाते. मग आकडे सुंदर येतात आणि त्यांचा अर्थ नाहीसा होतो. देणगीदारांना अहवाल द्यायचा असेल तर जरूर द्यावा, पण मापन त्यांच्यासाठी सुरू झाले आहे असे कर्मचाऱ्यांना वाटू देऊ नये.

सुरुवात दोन तयार सहकाऱ्यांनी, एका प्रश्नावलीने, तीन महिने करावी. त्या काळात दोनच गोष्टी मोजाव्यात: किती भेटींत कागद भरला गेला, आणि त्यांपैकी किती कागदांवर उपचारकाने त्याच दिवशी आपली सही व एक ओळ लिहिली. ती ओळ "झोपेबद्दल बोललो" एवढी लहान असली तरी चालेल. दुसरा आकडा पहिल्याच्या बराच मागे असेल, तर प्रश्नावल्या वाढवू नयेत, रस्ता दुरुस्त करावा.

जे आले नाहीत

शेवटची पायरी कागद नसलेल्या लोकांची आहे. जे येणे थांबवतात त्यांच्यात बरे झालेलेही असतात आणि खचलेलेही, आणि अहवालातल्या तक्त्यात दोन्हींची जागा रिकामीच दिसते. आता आमच्या नोंदवहीत प्रत्येक शुक्रवारी त्या आठवड्यात न आलेल्यांची यादी काढली जाते आणि ज्यांचा शेवटचा आकडा १५ किंवा त्याहून अधिक होता, किंवा ज्यांनी नवव्या प्रश्नावर खूण केली होती, त्यांना त्याच दुपारी फोन जातो. आषाढी वारीची पालखी पुण्यातून पुढे गेली की ही यादी लांबते, कारण बरेच जण वारीला गेलेले असतात. तरीही फोन केला जातो. पहिल्या भेटीतच कोणत्या क्रमांकावर, कोणत्या वेळी फोन केलेला चालेल आणि घरात दुसऱ्या कोणी उचलला तर काय सांगायचे, हे रुग्णाला विचारून केसपेपरवर लिहून घेतलेले असते. फोनवर आधी फक्त एवढेच विचारायचे असते की आज कसे आहात, आणि "ठीक आहे" असे उत्तर आले तर मागच्या कागदावरची ती ओळ समोर ठेवून पुढचा प्रश्न विचारायचा असतो.